फडताळाचे दार



पाच वर्षे झाली, कीर्तन बंद आहे. धाप लागते, चालीवर चढताना आवाज फाटतो. टाळकरी आपल्याला सांभाळून घेत आहेत हे एकदा लक्षात आले की टाळ खाली ठेवलेला बरा. तेव्हापासून सप्ताहात मागे खांबाला टेकून बसतो आणि ऐकतो. आपल्यापैकी कोणी चारठाण्याला, जिंतुराकडे किंवा वारीच्या एखाद्या मुक्कामावर माझी सेवा ऐकली असेल तर ओळख ठेवावी. ऐकली नसेल तरी अडणार नाही, कारण आज मी निरूपणाला अभंग घेतलेला नाही. आमच्या स्वयंपाकघरातले फडताळ घेतले आहे.

हसू नका. आमच्या घरीही आधी सगळे हसले.

हल्लीच्या घरांत फडताळ नसते, म्हणून ते काय ते सांगतो. आमचे घर जुन्या माळवदाचे. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन हात रुंद. अशी भिंत बांधतानाच तिच्यात एक पोकळी सोडत, तिला लाकडी चौकट बसवत, आत फळ्या टाकत आणि पुढून दोन दारे लावत. भिंतीचेच कपाट. उन्हाळ्यात आत थंडावा राहतो, दही लवकर आंबत नाही. आमचे फडताळ चार फूट उंच आणि तीन फूट रुंद आहे. वडिलांनी ते माझ्या लग्नाच्या वर्षी, १९७० साली करून घेतले. चौकट आणि आतल्या फळ्या सागवानी, कुठल्याशा पडक्या वाड्याच्या तुळईतून कापून काढलेल्या. दारांपर्यंत येता येता पैसे संपले, म्हणून दारे आंब्याच्या फळ्यांची. दोन फळ्या शेजारी जोडायच्या आणि मागून वर-खाली एकेक आडपट्टी ठोकायची, असे साधे काम.

त्या दारांनी पंचावन्न वर्षे चुलीचा धूर, स्टोव्हचा भपकारा आणि गॅसवरच्या फोडण्यांची वाफ खाल्ली. दोनदा निळा ऑइलपेंट लागला, दोन्हीदा पोथीच्या पानासारखा पापुद्रे धरून सुटला. डावे दार खाली बसले होते. ते उचलून ढकलल्याशिवाय मिटत नसे, आणि गेली दहाएक वर्षे तर कडीला सुतळी बांधूनच चालले होते. खालच्या फटीतून उंदीर जात.

आमच्या सौ. मला दर वर्षी सांगत, "पावसाच्या आधी तेवढं दार बघा." मी म्हणायचो, "पंढरपूरहून आलो की." पंढरपूरहून आलो की चातुर्मास, मग कार्तिकी, मग आळंदी, मग सप्ताहांचे दिवस. कीर्तनकाराच्या तारखा वर्षभर आधी लागलेल्या असतात, आणि त्यांत दाराची तारीख कधी लागली नाही. मी कुणाला फसवत होतो असे नाही. पंढरपूरहून आलो की करीन असे मला खरेच वाटायचे.

यंदा पाडव्याला मुलगा पुण्याहून आला. म्हणाला, हे सगळे काढून टाकू, मॉड्युलर किचन बसवून देतो. सौ. भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितले, "फडताळाला हात लावायचा नाही. आतून ठणठणीत आहे ते. तोंड तेवढं बिघडलंय."

मग गावातल्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी चौकटीवर बोटाची गाठ वाजवली, दाभणाने खालचे कोपरे टोचून वाळवी आहे का पाहिले, आणि निकाल दिला, "महाराज, चौकट अजून पन्नास वर्षं हलत नाही. ही उपटायची तर भिंत फोडावी लागंल, अन् भिंत फोडली की माळवद डोक्यावर येईल. दारांना नवं तोंड करा, झालं. पर लगीनसराई चालू आहे, दोन महिने थांबा."

दोन महिने थांबा हे वाक्य त्या स्वयंपाकघराला नवीन नव्हते. माझ्या तोंडून निघून गेले, "तुम्ही हत्यारं द्या, दाखवा तेवढं. मी करतो." मिस्त्री हसले. मुलगा हसला. सौ. हसल्या नाहीत. त्या चहाचे कप उचलून आत गेल्या.

आता, जुन्या वस्तूला नवे तोंड करायचे म्हणजे दोन वाटा असतात. वर बसलेले खरवडून खालचे मूळ उघडे करायचे, किंवा मुळावर नवे काही चढवायचे. आपण पंढरपुरी पहिली वाट पाहिली आहे. २०२४ च्या मार्चमध्ये पदस्पर्श दर्शन बंद झाले आणि जूनच्या आरंभी पुन्हा सुरू झाले. त्या काळात गाभाऱ्यात मागाहून बसवलेले ग्रॅनाइट काढून मूळ दगड मोकळा केला. मी त्यानंतर दर्शनाला गेलो तेव्हा पाय ठेवताच जाणवले, दगड वेगळा लागतो. गुळगुळीतपणा गेला आणि जुना काळा पाषाण दिसू लागला. ज्यांनी ग्रॅनाइट बसवले त्यांनीही भक्तीनेच बसवले असणार, त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण काढले ते बरे झाले, असे माझे मत.

नाथमहाराजांचेही तसेच. माउलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. पुढे पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती हातोहात उतरवली गेली आणि उतरवणाऱ्यांच्या चुका, पदरच्या ओव्या तिच्यावर चढत गेल्या. शके १५०६ मध्ये नाथांनी त्या काढून प्रत शुद्ध केली. एवढा अधिकार असलेला पुरुष, पण नवीन ज्ञानेश्वरी लिहायला बसला नाही. खरवडायला बसला. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती त्या खरवडण्याची.

तेव्हा मी मिस्त्रींना मोठ्या तोऱ्यात म्हणालो, सगळे खरवडून मूळ लाकूड काढू. मिस्त्रींनी दाराच्या खालच्या कडेला पटाशी लावली. आंब्याच्या फळीचा पीठ झालेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. "सागाला खरवडा महाराज. आंब्याला झाकावं लागतं." मी ऐकले.

फडताळ रिकामे करायला एक दिवस गेला. डबे, बरण्या, पितळी गाळणे, लोणच्याची सट, माझ्या आईचा मिसरीचा डबा, एक फुटका फिरकीचा तांब्या. एवढे सामान त्या भिंतीच्या पोटात होते, आणि त्यातले कुठे काय आहे हे मला एकाचेही सांगता आले नसते. साखरेचा डबा कोणता हे मी डबे उघडून शोधले, तेव्हा सौ. दारात उभ्या राहून बघत होत्या.

मग चौकट. पंचावन्न वर्षांचे तेल आणि धूर एकत्र झाले की त्याचा डांबरासारखा थर होतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून फडक्याने ओले करायचे, थोडे थांबायचे आणि पत्र्याच्या तुकड्याने ओढायचे. हाताला रबरी मोजे घाला, नाही तर माझ्यासारखी बोटांची साले निघतील. आणखी एक सांगतो. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसे असायचे, ती धूळ छातीत जाते. आमच्या वयात छातीत आधीच पुष्कळ आहे. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासावे. तिसऱ्या दिवशी डांबराखालून मधासारखा साग दिसू लागला आणि मी घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या.

चौकटीच्या चारही कोपऱ्यांत खिळा नाही. कुसू आणि साल, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत. आमच्या गावात गोकुळेश्वराच्या मंदिराजवळची बारव आहे. लहानपणापासून तिच्या पायऱ्यांवर बसलो, पण चुना न घालता दगडात दगड कसा अडकवला आहे याकडे मी चौकट घासल्यावर संध्याकाळी जाऊन पहिल्यांदा निरखून पाहिले.

दारांची रीत मिस्त्रींनी अशी सांगितली. दारे उतरवायची, मागच्या आडपट्ट्या काढायच्या, किडका भाग कापून तिथे सागाची पट्टी बसवायची, भोके लांबीने भरायची. मग फळीवर रंधा मारून ती सपाट करायची आणि चार मिलिमीटरचा प्लायवूड फेविकॉलने चिकटवायचा. त्यावर बाहेरून एक मिलिमीटरचा सनमायका, आतून पातळ पांढरा. सनमायका थेट जुन्या फळीवर लावला तर दोन फळ्यांच्या सांध्याची रेघ काही महिन्यांनी वर उमटते, म्हणून मधे प्लाय. स्वयंपाकघरात वाफ असते, तर प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्यावा, तो पाण्याला टिकतो. आठ बाय चारच्या एकेका पत्र्यात आमची दोन्ही दारे निघाली आणि चौकटीवर लावायला काहीच लागले नाही, कारण तिथे साग उघडा ठेवून फक्त पॉलिश केले.

हे सगळे नीट ऐकूनही मी उजव्या दारावर चूक केली. बाहेरच्या अंगाला प्लाय चिकटवला, सुकायला भिंतीशी उभे केले आणि मोठे काम केल्यासारखा झोपलो. सकाळी पाहतो तो दार होडीसारखे वाकलेले. गुण्या धरला तर मधे अर्ध्या इंचाची पोकळी. मिस्त्री आले, कपाळाला हात लावला. म्हणाले, "एका अंगाला लावलं की फळी त्या अंगाला ओढली जाते. आधी मागची पट्टी तिला धरून होती, ती तुम्ही काढली. दोन्ही अंगांना एकाच वेळी लावायचं, अन् रातभर वजनाखाली दाबायचं. आतलं कोण बघतं म्हणून सोडायचं नाही. आतलं सोडलं तर बाहेरचं वाकतं."

माउली, या वाक्यावर मला उभ्याउभ्या दीड तासाचे निरूपण सुचले. जुनी खोड. पण मिस्त्री प्लाय धरून उभे होते आणि म्हणत होते, "ब्रश कुठंय?"

मागून प्लाय लावला, दार जमिनीवर आडवे टाकले आणि वर वजन ठेवायचे ठरले. घरात सर्वांत जड वस्तू म्हणजे जाते. वीस-पंचवीस वर्षे ते मागच्या पडवीत पालथे पडले आहे. दोन नातवांनी आणि मी मिळून त्याची तळी आणि वरचे पाळे ओढत आणले. आयुष्यात त्या जात्याला माझा हात पहिल्यांदा लागला.

हे लिहायला मला अवघड जाते आहे. जनाबाई गंगाखेडच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या. जनाईचे दळण हा प्रसंग मी किती गावांत सांगितला असेल याची मोजदाद नाही. देव खुंटा धरतो, देव केर काढतो, देव शेण्या वेचतो. ते सांगताना माझा गळा दाटून यायचा, बायामाणसे पदर डोळ्याला लावायची. तो गळा खोटा नव्हता. पण त्याच दिवसांत आमच्या पडवीत पहाटे जाते फिरायचे, तेव्हा मी घोंगडी कानावर ओढून घेत असे, कारण रात्रीच्या कीर्तनाने घसा बसलेला असायचा.

उजवे दार दोन दिवसांत बरेचसे सरळ झाले. मग डावे घेतले.

डाव्या दाराच्या आतल्या अंगाला थरावर थर कागद चिकटवलेले होते. जुनी कॅलेंडरे, रद्दी, खळीने लावलेले. दर दिवाळीला एक थर असणार. कोमट पाण्याने भिजवून एकेक थर सोडवत गेलो. सर्वांत खाली लाकूड आले आणि त्यावर दाभणाने ओढलेल्या उभ्या रेघा. बोटाएवढ्या लांब, एका ओळीत. मी चष्मा पुसून मोजल्या. एकोणीस. त्यातल्या सतरा आडवी रेघ मारून छेदलेल्या. शेवटच्या दोन उभ्याच.

सौ. ना हाक मारली. त्यांनी पाहिले, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "अगंबाई. आहेत का अजून."

"काय आहे हे?"

"दुष्काळातलं."

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. खडी फोडायची कामे, वाटीत मिळणारी सुकडी, परदेशातून आलेला तो लाल मिलो, ज्याची भाकरी थापली की फाटायची. त्या वर्षी मी आळंदीला होतो. जोग महाराजांनी १९१७ साली काढलेली वारकरी शिक्षण संस्था, तिथला चार वर्षांचा अभ्यास. वडील आदल्या वर्षी गेले होते. घरी आई आणि ही, वय अठरा.

"शेजारच्या मावशींकडून ज्वारी आणायचे," ती म्हणाली. "एक पायली आणली की एक रेघ. फेडली की आडवी मारायची. लिहिता कुठं यायचं तेव्हा." अक्षरे ती पुढे हरिपाठावरून शिकली.

"आईला माहीत होतं?"

"आत्याबाईंनीच तर दाभण दिलं."

मी विचारले, मला का कळवले नाही. ती थोडा वेळ त्या दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पत्र कोणाकडून लिहून घ्यायचं? अन् कळवलं असतं तर तुम्ही विद्या सोडून आला असता." थांबली. "नाहीतर आला नसता. मला दोन्ही नको होतं."

फडावर मला कधी शब्द कमी पडला नाही. समोरच्याने कितीही आडवे विचारले तरी जिभेवर प्रमाण तयार असायचे. त्या दुपारी मी नुसता ओले फडके हातात धरून बसलो होतो.

मी म्हणालो, "हे दार आतून असंच राहू दे. काही लावायचं नाही यावर. नातवंडांना दाखवू."

तिला ते मुळीच पटले नाही. "कामून? फिटलं की ते. देण्याच्या रेघा काय देवघरात लावायच्या असतात का? रंधा मारा त्याच्यावर."

"दोन फिटल्या नाहीत."

"मावशी वारल्या मधेच. पोरगा त्यांचा नांदेडला गेला होता. तेराव्याला आला तेव्हा दोन पायल्या घेऊन गेले मी. तो म्हणाला, वहिनी, आईचं मला काही माहीत नाही, मी नाही घेणार. परत घेऊन आले."

"मग?"

"मग काय. दरसाली जातेत त्या."

"कुठे?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी थट्टा करतोय. "दिंडीच्या शिध्यात. पोत्याचं तोंड शिवायच्या आधी दोन पायल्या वेगळ्या मोजून घालते मावशींच्या नावानं. तुमच्यासमोरच घालते."

माउली, आषाढीच्या दिंडीला आमच्या घरून ज्वारीचे एक पोते जाते. पन्नास वर्षांत खंड नाही. ते पोते दिंडीत पोहोचले की माझ्या गळ्यात हार पडतो, नारळ हाती येतो. महाराजांच्या घरचा शिधा म्हणून वाटेतल्या मुक्कामावर त्याचे नाव घेतले जाते. मीही कीर्तनात सांगत आलो की पोटाला चिमटा घेऊन द्यावे, आमच्या घरी ही रीत आहे. पोते शिवताना मी बहुधा टाळांच्या दोऱ्या तपासत असायचो, नाही तर कोणी भेटायला आलेले असायचे. तिने माझ्यासमोर घातले असणार. मी पाहिले नाही.

त्या दिवशी पुढचे काम झाले नाही. मी बारवेकडे गेलो आणि अंधार पडेपर्यंत बसलो. नांदेडच्या त्या गृहस्थाचा पत्ता काढावा असे मनात आले, दोन दिवस विचारपूसही केली. कळले की तेही आता नाहीत.

दुसऱ्या सकाळी मिस्त्रींना विचारले की आतून काहीच न लावता हे दार ठेवता येईल का. त्यांनी मान हलवली. "उजव्याचं काय झालं ते पाहिलंत ना. तसं ठेवायचं तर जुन्या पट्ट्या परत ठोका, बाहेरून रंग मारा, अन् राहू द्या सुतळीनं बांधलेलं." मग रेघांवरून बोट फिरवत म्हणाले, "रंधा मात्र नका मारू. फळी सपाट आहे इथं. ओरखडा असला की फेविकॉल उलट चांगला धरतो."

मी ब्रश घेतला. दोन्ही अंगांना एकाच वेळी लावायचे म्हणून एका अंगाला मिस्त्री, एका अंगाला मी. आतले अंग मी मागून घेतले. रेघांच्या खाचांत पांढरा फेविकॉल भरला आणि क्षणभर त्या कागदावर लिहिल्यासारख्या स्वच्छ दिसल्या, सतरा छेदलेल्या आणि दोन उभ्या. मग वर प्लाय ठेवला. कडेकडेने दाबला. जात्याची तळी पुन्हा ओढत आणली.

सौ. ना मी सांगितले, झाले काम. रंधा मारला का, हे त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही. त्या हे मासिक वाचतात, हरिपाठासारखे बोट ठेवून, ओळ ओळ. तेव्हा आता कळेलच.

बाकीचे लवकर उरकले. सनमायका कटरने तीन-चारदा रेघ ओढून मोडायचा, बाहेरून अर्धा सूत जास्त ठेवायचा आणि चिकटल्यावर कानशीने कड घासायची, वरून खाली, एकाच दिशेने. उलटी कानस मारली की टवका उडतो. माझा एक उडाला, उजव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात. तिथे लांबी भरली आहे, सांगितल्याशिवाय दिसत नाही, आणि मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. दारे आता जड झाली, म्हणून दोनऐवजी तीन बिजागऱ्या. बसवताना खाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून दार उचलून धरायचे, आधी वरचा स्क्रू, मग खालचा, मधला शेवटी. रंग सौ. नी निवडला. मी पांढरा म्हणत होतो, त्यांनी गव्हाळ घेतला. पांढऱ्यावर हळदीचे डाग दिसतात म्हणाल्या. खरे आहे, मला सुचले नसते.

डावे दार अजून वर एक सूत उजव्यापेक्षा उंच आहे. मिस्त्री म्हणतात, पावसाळा जाऊ द्या, लाकूड बसले की बघू. पण ते मिटते. बोटाने ढकलले की मिटते. पहिल्या दिवशी सौ. नी ते पाच-सहा वेळा उघडून मिटवून पाहिले. मग सुतळी सोडवली, गुंडाळली आणि फडताळातच वरच्या फळीवर ठेवून दिली.

ज्येष्ठात दिंडीचे पोते भरायला घेतले तेव्हा मी पायली मागून घेतली. आधी पोते भरले. मग दोन पायल्या वेगळ्या, शीग लावून, मावशींच्या नावाने. सौ. नी पाहिले आणि म्हणाल्या, शीग नीट बसली नाही. सुपात परत ओतून घेतल्या आणि स्वतः पुन्हा मोजून घातल्या. मी पोत्याचे तोंड धरून उभा राहिलो.